दुपारी सुजणारी अक्षरं

१

शिंपीणबाई शिलाई मशीनवर कोसळल्या तेव्हा समोरचा पडदा निम्माच शिवून झाला होता. घसा धरला म्हणून दवाखान्यात गेल्या, कॅप्सूल घेऊन आल्या, पहिली गिळली आणि टीप घालायला बसल्या. मुलीला धप्प असा आवाज आला. ती धावली तेव्हा आईचे ओठ सुजून जांभळे झाले होते.

पेनिसिलिन त्यांना चालत नाही. लहानपणापासून चालत नाही. दवाखान्यातल्या जुन्या माणसांना हे पाठ होतं. ज्याला आपण सगळं पाठ करायला ठेवलंय, त्या संगणकात मात्र त्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘अ‍ॅलर्जी: नाही’.

बाई वाचल्या. मोठ्या हॉस्पिटलात घशात नळी घालून पडल्या होत्या, पण वाचल्या. आता दवाखान्यात दुसऱ्या कोणाचा तरी बळी द्यायची तयारी चालली होती आणि नेमकी त्याच दिवशी मी तिथे पोचले.

त्या संगणकातलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. लोक संगणकासमोर बसतात, मी त्यांच्या मागे स्टूल टाकून बसते आणि ते कुठे अडतात, कुठे शिव्या घालतात ते बघते. या कामाचा पहिला नियम असा की मदत करायची नाही. माणूस बटण शोधून रडकुंडीला आला तरी बोट दाखवायचं नाही. त्यामुळे मी कुठेच कोणाची लाडकी नसते. निघताना आमच्या साहेबांनी बजावलं होतं, “दोष आपला नाही, एवढं घेऊन या. बाकी काही आणू नका.”

“आल्या स्टूलबाई,” मला बघून काउंटरवरची बाई म्हणाली. तिच्या चष्म्याच्या भिंगांची जाडी बघून मला धडकी भरली. “बसा. मागेच बसा. पुढे बसून काम करायला आम्ही आहोतच.”

बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. थोरले डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मूळ मालक, त्यांची सून, तीही डॉक्टर, जिने हे सॉफ्टवेअर आणलं, कारभार बघणारे थोरल्यांचे मेहुणे, ज्यांना सगळे मामा म्हणतात, काउंटरवरची बाई, आणि भिंतीला टेकून, हातांची घडी घालून उभी असलेली सिस्टर.

मी थोरल्यांपुढे माझं ओळखपत्र धरलं. त्यांनी ते न बघताच मामांकडे सरकवलं. “वाचा हो कोणीतरी. काय दिवे लावलेत बाईंनी ते कळू दे.”

“बाबा, त्या पाहुण्या आहेत,” सून म्हणाली.

“पाहुण्या तू आणल्यास. पाहुणचार तू कर.”

मामांनी घसा साफ केला. “हे बघा, आमचं ठरलंय. त्या पानात फेरफार झाला तो सिस्टरच्या कार्डावरून. त्यांना आज संध्याकाळी घरी पाठवायचं आणि वर कळवायचं. नर्स म्हणून त्यांची नोंदणी राहते की जाते ते वरचे बघतील. तुम्ही फक्त सांगा, तुमचं यंत्र खोटं बोलतं का?”

“यंत्र खोटं बोलत नाही,” मी म्हणाले. “पण ते फक्त कार्ड ओळखतं. माणूस ओळखत नाही.”

सिस्टरने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. मीही त्याच टोळीतली, असं ती नजर म्हणत होती.

२

ड्रेसिंगच्या खोलीतलं संगणकाचं मशीन सगळ्यांचं सामाईक. सकाळी सिस्टर आपलं कार्ड फटीत सारते ते रात्रीपर्यंत तिथेच असतं.

“प्रत्येकाने आपापलं कार्ड घालायचं असतं,” मी म्हणाले.

“हो ना. आणि दर वेळी तुमचं ते चक्र गरगर फिरताना बघत बसायचं. रक्त गळणाऱ्याला सांगायचं, थांब बाबा, चक्र फिरतंय.” सिस्टर दात आवळून बोलत होती. “मामांनीच सांगितलं, एक कार्ड राहू द्या, रांग हलली पाहिजे. आता विचारा त्यांना. आठवायचं नाही.”

मी पडद्याकडे पाहिलं आणि दचकले. अक्षरं एवढी मोठी होती की रस्त्यापलीकडून वाचता यावीत. सिस्टरने बोलता बोलताच दोन बोटांनी ती नेहमीएवढी केली. आपण काही केलं याचं भानही तिला नव्हतं.

“हे काय होतं?”

“हे? दुपारी सुजतं ते. सकाळी नीट असतं, दुपारनंतर आलं की असं फुगलेलं. तुमचंच सॉफ्टवेअर. उन्हाने होत असेल.”

सॉफ्टवेअर उन्हाने सुजत नाही. पण नियम म्हणजे नियम. मी गप्प बसले.

तिने शिंपीणबाईंचं पान उघडलं. डावीकडे प्रश्नांची माळ: आधीचे आजार, घरातले आजार, झोप, तंबाखू, दारू. उजव्या बाजूला लाल चौकट: अ‍ॅलर्जी. डावीकडे खाली एक करडं बटण: ‘बाकी सर्व: नाही’. एक जरी प्रश्न रिकामा राहिला की पान बंद होत नाही, ‘माहिती अपूर्ण’ म्हणून टुणटुणत राहतं. हे बटण दाबलं की उरलेल्या सगळ्यावर ‘नाही’ चढतं आणि पान मुकाट मिटतं. आमच्या कंपनीला या बटणाचा भारी अभिमान. मी मात्र आणखी एक गोष्ट बघून घेतली. आधी कोणी लाल चौकटीत काही लिहिलेलं असलं तरी हे बटण त्यावरही ‘नाही’ चढवत होतं.

“मी इथे पेनिसिलिन लिहिलं होतं,” सिस्टरने लाल चौकटीवर नख आपटलं. “स्वतः. मशीन आलं त्या आठवड्यात.”

“फेरफार झाला तो भर दुपारी. तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“घरी. आईला भरवायला जाते.”

“कोणी पाहिलं?”

“आईने.” ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “ती मला ओळखत नाही. एखाद्या दिवशी मला सिस्टर म्हणते, तेवढीच ओळख. नोकरी गेली की तिला कोण बघणार, हे मामांना विचारलं मी. ते म्हणाले, हा भावनेचा विषय नाही.”

ती निघून गेली. मी शिंपीणबाईंच्या पानावर खाली सरकले आणि तिथेच थांबले. त्याच दुपारी, त्याच कार्डावरून, त्या पानात आणखीही काही भरलं होतं. ते पुसणाऱ्या माणसाचं काम नव्हतं.

३

‘लहानपणी डावा हात मोडला, जोडताना किंचित वाकडा. वडील दम्याने गेले. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव फार.’

ज्याला पुसायचं असतं तो एवढा जीव लावून लिहीत नाही.

मी एकेकाला गाठलं.

सूनबाई आपल्या खोलीत, आपल्या वेगळ्या मशीनसमोर बसल्या होत्या. “मी कॅप्सूल लिहून दिली, कारण पानावर ‘नाही’ होतं. आता गावभर माझं नाव. सगळे म्हणतात, नवी डॉक्टरीण माणसं मारते.”

“तुम्ही शिंपीणबाईंना विचारलं नाहीत?”

“तुम्ही मला शिकवणार?” त्यांचा आवाज चिरकला. मग हळूच म्हणाल्या, “बाहेर बघा. मामांनी पाटी लावली आहे.”

पाटी मी वाचली होती. ‘आपली सर्व माहिती आता संगणकात. पुन्हा सांगण्याची गरज नाही.’ ती पाटी बघून शिंपीणबाई बिचाऱ्या गप्प राहिल्या असतील.

“शिंपीणबाईंचा डावा हात वाकडा आहे, माहीत आहे?”

“मला कसं माहीत असणार? मी तर काल-परवा आले या घरात. बाबा जेवताना रोज आठवण करून देतात.”

“आणि तुम्ही काय आठवण करून देता?”

त्या चपापल्या. “मी एकदाच म्हटलं. ज्याला मशीन जमणार नाही, त्याने पेशंट बघू नयेत. चुकीचं आहे का?”

काउंटरवरची बाई दुपारी तिथेच डबा खाते. “मी कोणाच्या कार्डाला हात लावत नाही. माझं मला पुरे.” ती पडद्याला नाक टेकवून टाइप करत होती. अक्षरं मुंग्यांएवढी.

“मोठी करून देऊ का?” नियम मोडून मी विचारलं.

“नको! आलेगेले बघतात. म्हणतील, म्हातारी झाली.” मग तिने सिस्टरच्या खोलीकडे हनुवटी उडवली. “तिला विचारा. ती स्वतःला फार हुशार समजते. गेली तर साखर वाटीन.”

“तुम्ही इथे कधीपासून?”

“मशीन आलं तेव्हापासून. मला कोण सांगणार कोणाला काय झालं होतं ते!”

मामा मागच्या खोलीत हिशेब करत होते. “पेशंटशी माझा संबंध नाही. मी रांग बघतो. रांग हलली की दवाखाना चालतो.”

“एक कार्ड राहू द्या, हे तुम्ही सांगितलंत?”

“आठवत नाही,” मामा म्हणाले. सिस्टरने सांगितलं होतं, अगदी तसंच.

उरले थोरले. त्यांच्या टेबलावर मशीन नव्हतं. बसवलेलं त्यांनी परत पाठवलं होतं. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांचं कार्ड लटकत होतं, कंपनीतून आलं तसंच, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. वेष्टनावर धूळ.

“बघा,” ते म्हणाले. “कुमारिका आहे. मी त्या डबड्याला हात लावत नाही.”

बाहेर पायरीवर कोणाचे तरी पाय वाजले. “गुडघेवाले आले,” ते दाराकडे न बघता म्हणाले. “बसा म्हणावं.”

“डबड्यावर एवढा राग का?”

“राग? अहो, दात पडलेल्या म्हातारीला विचारतं, तंबाखू खाता का. तान्ह्या पोराला विचारतं, झोप लागते का. आजीचा मधुमेह विचारतं, आजोबांची दारू विचारतं. आणि ज्याने माणूस मरतो, कोणतं औषध चालत नाही, ते विचारायचं तेवढं तुमच्या शहाण्यांना सुचलं नाही! मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. ती शिंपीण लहानपणी माझ्याच हातात निळी पडली होती. माझ्याच सुईने. रात्रभर मांडीवर घेऊन बसलो होतो मी तिला.”

“मग सिस्टरचं काय?”

त्यांचा हात टेबलावरून उगाच फिरला, स्टेथोस्कोप सापडेपर्यंत. “मामा बघतोय ना ते. निघा आता. माझा पेशंट खोळंबलाय.”

मी निघाले. दारात पोचल्यावर त्यांनी आत्ता काय सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

४

मी साहेबांना फोन लावला. “कोणी केलं ते कळलं.”

“आपण नाही ना?”

“आपणही.”

“बाई, असं काही बोलू नका,” ते म्हणाले. मी फोन ठेवला.

संध्याकाळचे पेशंट यायच्या आधी मी सगळ्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. कोणी बसायला तयार नाही. सिस्टरने पर्स खांद्याला लावली होती; निघायची तयारी करूनच आली होती. थोरले तपासणीच्या टेबलाच्या कडेला टेकले.

“लवकर आटपा,” मामा म्हणाले.

मी शिंपीणबाईंचं पान उघडलं आणि दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. अजून मोठी. ‘तंबाखू’ हा शब्द भिंतीवरच्या जाहिरातीएवढा झाला.

“हे दुपारी सुजतं, असं सिस्टर म्हणाल्या. हे आपोआप सुजत नाही. दुपारी इथे कोणीतरी बसतं, ज्याला छोटी अक्षरं दिसत नाहीत.”

सगळ्यांच्या माना काउंटरवरच्या बाईकडे वळल्या. ती लालबुंद झाली. “माझ्याकडे काय बघता? मेल्यांनो, मला दिसतं सगळं!”

“त्या नाहीत,” मी म्हणाले. “त्या नाक टेकवतील, पण अक्षर मोठं करणार नाहीत. शिवाय त्या दुपारी या पानात शिंपीणबाईंचा वाकडा हात लिहिला गेला. वडिलांचा दमा, पहिलं बाळंतपण. काउंटरवरच्या बाई नवीन, सूनबाई नवीन, मामांना फक्त रांग ठाऊक. हे पाठ असणारी माणसं या दवाखान्यात दोनच.”

“मग झालं की,” मामा म्हणाले. “सिस्टरच.”

“सिस्टर, लाल चौकट दाखवा.”

तिने हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. पडद्यावर लाल चौकट नव्हतीच. अक्षरं फुगल्यावर पानाची उजवी बाजू काठाबाहेर गेली होती. दिसत होती ती प्रश्नांची माळ आणि खाली डावीकडे ते करडं बटण.

“गेली कुठे?” सूनबाई पुढे सरसावल्या.

“आहे. फक्त दिसत नाही. पान म्हणतं, माहिती अपूर्ण. काय अपूर्ण, ते कळत नाही. माणूस भरून भरून थकतो आणि शेवटी समोर दिसतं ते एकच बटण दाबतो. बाहेर पडलेल्या लाल चौकटीवरही ‘नाही’ चढतं. सिस्टरना ती चौकट ठाऊक आहे. त्यांनीच ती भरली. म्हणून त्या नव्हेत. जे कधीच या मशीनवर बसले नाहीत, त्यांना पानात काय विचारतात हे ठाऊक नसतं. पण एका माणसाला हे पान तोंडपाठ आहे. तंबाखू, झोप, आजीचा मधुमेह, आजोबांची दारू. आणि त्याची खात्री आहे की यात औषधाचं विचारतच नाहीत.” मी वळले. “असं पान कुठेच नाही, डॉक्टरसाहेब. ते फक्त या मशीनवर असतं, दुपारी, अक्षरं सुजलेली असताना.”



५

“तोंड सांभाळून बोला,” थोरले म्हणाले. “माझं कार्ड खिळ्याला आहे. बंद आहे.”

“आहे. आणि सिस्टरचं कार्ड फटीत होतं, उघडं. तुम्ही माझं ओळखपत्र वाचलं नाहीत. पेशंट तुम्ही पावलांवरून ओळखता. टेबलावरचा स्टेथोस्कोप चाचपडून शोधता. डोळे कधीपासून गेलेत?”

“गेलेले नाहीत!” त्यांचा आवाज खोलीत दणाणला. मग तोच आवाज खाली आला. “जाताहेत.”

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला. क्षणभरच. “आणि तुम्ही पेशंट बघत होता? असे?”

“हाताने बघतो मी. तुझ्यासारखं काचेत बघून नाही.” ते सुनेकडे नाही, तिच्या आवाजाच्या दिशेने बोलत होते. “तूच म्हणालीस ना, जमणार नाही त्याने बसू नये. म्हणून शिकत होतो. दुपारी, कोणी नसताना. माझ्या डोक्यात या वस्तीतली माणसं आहेत, त्यांच्या आया, त्यांचे बाप. ती मी गेल्यावर कुठे जाणार? भरत होतो एकेकाला. जी पाठ आहेत ती आधी.” त्यांनी श्वास घेतला. “तिला तर सगळ्यात आधी.”

“आणि सिस्टरना घरी पाठवायला निघालो, तेव्हा मूग गिळून बसलात!” सूनबाई ओरडल्या.

“मला वाटलं, कार्ड वापरलं तेवढंच. अ‍ॅलर्जीला मी हात लावलाच नव्हता. यात विचारतच नाहीत, तर पुसणार काय? आणि कार्डाचं सांगितलं असतं, तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं.”

“म्हणून माझी नोकरी जाऊ दिलीत,” सिस्टर म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मामा पुटपुटले, “आता तसं काही वर कळवायची गरज नाही. गैरसमज झाला म्हणायचं.”

“गैरसमज?” काउंटरवरच्या बाईने भिंगांतून त्यांच्याकडे असं पाहिलं की मामा मागे सरकले. “कार्डाचं तुम्हीच सांगितलंत. पाटी तुम्हीच लावलीत. आधी ती पाटी काढा. नाहीतर मी काढते, आणि मग ती कुठे मारायची ते मी ठरवीन.” साखर वाटणार होती तीच ही.

मामा निमूटपणे बाहेर गेले, मागोमाग काउंटरवरची बाई. पाटीचा खिळा उपटल्याचा आवाज आला. सूनबाईही निघाल्या, दारात थांबून, सासऱ्यांकडे न बघता म्हणाल्या, “मीही तिला विचारलं नाही, बाबा. एक शब्द विचारायला हवा होता.” आणि गेल्या.

थोरले उठले. भिंतीचा आधार घेत आपल्या खोलीत गेले आणि खिळ्यावरचं कार्ड घेऊन आले. वेष्टन हाताने सुटेना, तेव्हा दातांनी फाडलं.

“सिस्टर, तुमचं काढा. माझं लावतो. ते पान मी दुरुस्त करणार, माझ्या नावावर.”

सिस्टरने आपलं कार्ड फटीतून ओढलं आणि गळ्यात अडकवलं. “उद्या येईन मी,” ती म्हणाली. “पेशंटसाठी. तुमच्याशी बोलायला नाही.” आणि पाय न वाजवता गेली. या माणसाला आपली पावलं ओळखू येतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

चक्र गरगर फिरलं. थोरले खुर्चीत बसून वाट बघत होते. पान उघडलं, अक्षरं त्यांनी मोठी केली. मग लाल चौकट शोधू लागले. वर गेले, खाली आले, पुन्हा वर. नाक पडद्यापाशी, बोट हवेत.

“सिस्टर, कुठे आहे हो ती?”

त्यांच्या खुर्चीमागे मी आणि माझं स्टूल, एवढंच होतं. मी नियमाप्रमाणे गप्प बसले. नियमाप्रमाणे बघत राहिले. म्हातारं बोट पुन्हा त्या करड्या बटणाकडे वळलं, कारण पडद्यावर दुसरं काही नव्हतंच.

“दाबू नका,” मी म्हणाले. “पान डावीकडे ओढा.”

त्यांनी ओढलं. काठाबाहेरून लाल चौकट आत आली, भली मोठी, तिच्या मधोमध ‘नाही’. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी पेनिसिलिन लिहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याने काही फरक पडणार नव्हता.

“ही इथेच होती?”

“होती.”

“इतके दिवस?”

“हो.”

ते माझ्याकडे वळले. डोळे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागलेले, पण राग नेमका माझ्यावर. “मग दिसेल अशी ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?”

साहेबांना पाठवलेल्या अहवालाचं पहिलं वाक्य मी तिथेच, त्यांच्या मागे बसून लिहिलं. शब्द त्यांचेच ठेवले.